सर्पदंश व त्यावरील उपचार (सांगली जिल्हा)

विषारी सापाच्या दातांवाटे शरीरात शिरलेल्या विषाचा परिणाम थोपवणे आणि तो ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास, रक्ताभिसरण व मूत्रपिंडे सांभाळणे, असे सर्पदंशावरील उपचाराचे दुहेरी स्वरूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्यात झालेले आहेत.

सांगली जिल्ह्यात पश्चिमेला शिराळा तालुक्याचा पावसाळी डोंगराळ भाग, मध्ये कृष्णा-वारणेकाठचा ऊसपट्टा आणि पूर्वेला जत-आटपाडीचे कोरडे माळरान अशी तीन वेगळी निसर्गरूपे आहेत. उसाच्या फडात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. शेतीपंपांची वीज पाळीने, अनेकदा रात्री मिळत असल्याने दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाचा पाय अंधारात सापावर पडतो. गळीत हंगामात फडाकडेला कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून जमिनीवर निजणारे ऊसतोड मजूर याहूनही उघड्यावर असतात. खेड्यांत अजूनही सापाचे नाव सरळ घेत नाहीत. ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, आणि दंश झाला की ‘पान लागलं’ एवढेच सांगतात. नव्याने रुजू झालेल्या, बाहेरगावच्या डॉक्टरला हा शब्दप्रयोग आधी शिकून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात वैद्यकीयदृष्ट्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप महत्त्वाचे मानले जातात. नागपंचमीच्या नागपूजेमुळे बत्तीस शिराळ्याचे नाव सर्वदूर झाले. तेथे पूर्वी जिवंत नाग पकडून मिरवत आणि नंतर सोडून देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने या प्रथेला पायबंद घातला. या ख्यातीमुळे लोकांच्या मनातील सापाचे चित्र फणा काढलेल्या नागाचेच राहिले. प्रत्यक्षात, भारतात ज्या दंशांत साप ओळखला गेला, त्यांत घोणसाचा वाटा सर्वांत मोठा आढळतो, आणि अंगावरील ठिपक्यांमुळे हा साप पुष्कळदा अजगराचे पिल्लू समजून हाताळला जातो.

सापाची ओळख पटणे उपयुक्त असले तरी उपचार त्यासाठी थांबत नाहीत. मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणण्याची प्रथा धोक्याची आणि बहुतेक वेळा निरुपयोगी आहे, कारण डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतो. पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे ही मज्जासंस्थेवरील विषाची चिन्हे आहेत, तर हिरड्यांतून रक्त येणे आणि जखम वाहत राहणे ही रक्तावरील विषाची. दंशाची जागा झपाट्याने सुजणे हे नाग आणि घोणस या दोहोंतही दिसते.

रक्तावरील परिणाम ओळखण्याची चाचणी अतिशय साधी असून ग्रामीण रुग्णालयातही होते. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता उभी ठेवतात. परिचारिका चिकटपट्टीवर वेळ लिहून ती नळीला लावते. वीस मिनिटांनी नळी एकदाच आडवी करतात. रक्त गोठून जागीच राहिले तर गोठण्याची क्रिया शाबूत आहे; ते पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, लगेच सुरू करायचे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो, कारण गोठण्याला चालना काचेच्या पृष्ठभागामुळेच मिळते. ब्रिटिश वैद्य डेव्हिड वॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नायजेरियातील फुरशाच्या कुळातल्या सापांच्या दंशांवर काम करताना ही पद्धत वापरली. महागड्या यंत्रांच्या काळात एका नळीवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर एवढा मोठा निर्णय अवलंबून असावा, हे वैद्यकशास्त्रातील थोड्या सुंदर गोष्टींपैकी एक म्हणावे लागेल.

नागाच्या विषावरील पहिले प्रतिविष फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेट यांनी १८९० च्या दशकात तयार केले. घोणसाच्या विषावर ते चालत नाही, हे नंतर भारतातील प्रयोगांत दिसून आले. आज भारतात वापरले जाणारे प्रतिविष चारही सापांचे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. या प्रतिविषाचा एक मिलिलिटर नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६, तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. सुरुवातीला साधारणपणे १० कुप्या शिरेतून देतात. मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही; नातेवाइकांना हे पटवणे मात्र सोपे नसते. प्रतिविष घोड्यापासूनचे असल्याने पित्त उठणे, थंडी वाजणे, रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी अल्प मात्रेत ॲड्रिनलिन दिल्यास तीव्र प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या घटतात असे आढळले.

मण्यार चावल्यावर निदान सर्वांत अवघड असते. तो रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घरचे अजीर्ण समजून ओवा देतात, आणि तासा-दोन तासांत पापण्या मिटू लागतात. या विषाने मज्जातंतूंची टोकेच निकामी होतात. झालेली इजा प्रतिविष भरून काढत नाही, त्यामुळे श्वास परत येईपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते, कधी कित्येक दिवस. नागाच्या दंशात मात्र निओस्टिग्मीन आणि ॲट्रोपिन या औषधांनी अनेकदा काही मिनिटांत पापण्या वर येतात.

दंशानंतर रुग्णाला मारुतीच्या देवळात नेणे, कडुलिंबाचा पाला खायला देऊन तो कडू लागतो का ते पाहणे, मांत्रिकाकडून विष उतरवून घेणे या रूढी पूर्ण गेलेल्या नाहीत. दंश विषारी नसेल, किंवा सापाने विष सोडलेच नसेल, तर रुग्ण तसाही वाचतो आणि श्रेय मंत्राला मिळते. जखम कापणे, चोखणे आणि दोरीने करकचून आवळणे हानिकारक आहे. हातपाय फळी बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि वाहन मिळेल त्या वाटेने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. गंभीर रुग्ण पुढे सांगली-मिरजेला पाठवले जातात. मिरजेत १८९४ पासून विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला या आदिवासी जमातीच्या सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे, त्यामुळे एका प्रांतातील विषावर बनलेले औषध सर्वत्र सारखेच प्रभावी असेल असे धरता येत नाही. सह्याद्रीच्या जंगलातील हिरवा चापडा हा विषारी साप तर या प्रतिविषाच्या कक्षेतच येत नाही. त्याच्या दंशावर लक्षणांनुसार उपचार करतात.

घोणसाच्या दंशात रक्त गोठू लागले म्हणजे धोका टळला असे नसते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून लघवीचे माप तासातासाला लिहून ठेवतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पियुषिका ग्रंथीत रक्तस्राव होतो. असा रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, थकवा, दाढी न वाढणे किंवा पाळी बंद होणे अशा तक्रारी घेऊन दुसऱ्याच डॉक्टरकडे येतो. त्या वेळी जुन्या दंशाची आठवण तो आपणहून सांगत नाही, ती विचारावी लागते.