अंगावर घेतलेले ओझे आणि उत्तरदायित्व

मार्चअखेरीचे दिवस होते. मी तेव्हा एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. रात्री साडेनऊच्या सुमारास आमचे शाखाधिकारी, नव्यानेच रुजू झालेल्या एका लिपिक मुलीच्या मागे उभे राहून, तिच्या पडद्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "राहू दे, मी बघतो." ती उठली, साहेब तिच्या खुर्चीत बसले आणि तिच्याच लॉगिनमधून त्यांनी उरलेल्या नोंदी भराभर करून टाकल्या. शेजारच्या चहावर साय धरली होती. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हे शाखेत सर्वांना ठाऊक होते आणि आम्ही सारे त्यांना फार जबाबदार अधिकारी मानत होतो.

यात आमची गल्लत झाली होती, आणि ती आपल्या भाषेतही मुरलेली आहे. 'जबाबदारी' या शब्दात मुळात 'जबाब' आहे, म्हणजे उत्तर देणे आहे. पण रोजच्या वापरात ती खांद्यावर येते, पेलावी लागते, डोक्यावरून उतरते, म्हणजे ती जवळजवळ वजनच होऊन बसते. त्यामुळे जो अधिक वाहतो तो अधिक जबाबदार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात काम वाटून देता येते, उत्तर मात्र वाटून देता येत नाही. आणि जो प्रमुख सगळे काम स्वतःकडे ओढतो, त्याच्या हातून नेमके उत्तरच निसटते.

बँकेत हे फार स्पष्ट दिसते. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, हा तेथील मूलभूत नियम आहे. त्या रात्री साहेबांनीच नोंद केली आणि साहेबांनीच ती पास केली, म्हणजे तपासणी उरलीच नाही. पुढे लेखापरीक्षणात त्यांतल्या एका नोंदीवर शेरा आला, तेव्हा कागदावर नाव त्या मुलीचे होते. ओझे साहेबांनी वाहिले, पण जाब तिच्या वाट्याला आला.

याच्या शेजारी श्रीहरिकोटा येथील घटना ठेवून पाहावी. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. मोहिमेचे प्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश त्यांनी संस्थाप्रमुख म्हणून स्वीकारले. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र पत्रकारांशी बोलायला त्यांनी कलामांना पुढे केले. ही गोष्ट आपल्याकडे बहुधा मनाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते, आणि तो मोठेपणा होताच. परंतु मला त्यातील हिशेबाचा चोखपणा अधिक महत्त्वाचा वाटतो. धवन यांनी बाहेरच्या जगाला उत्तर दिले, पण कलामांचे काम आपल्याकडे घेतले नाही. उड्डाणानंतरच्या आढावा बैठकीत कलामांनीही सारा दोष माझाच, असे मोघम म्हटले नाही. उलटगणतीच्या अखेरच्या टप्प्यात दिसलेली नायट्रिक आम्लाची गळती किरकोळ ठरवण्याचा निर्णय आपला होता आणि आपण उड्डाण थांबवायला हवे होते, असे त्यांनी नेमके सांगितले. मोघम अपराधीपणातून दुरुस्तीला काहीच हाती लागत नाही. निर्णयावर बोट ठेवले की लागते.

ताणाच्या बाबतीतही हा फरक महत्त्वाचा आहे. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की नुसत्या कामाच्या रेट्यापेक्षा, रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा थोडी असते तेव्हा माणूस अधिक पिळला जातो. ब्रिटनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासातही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत जास्त आढळले. म्हणून "राहू दे, मी बघतो" हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. बोलणाऱ्याच्या कामाचा रेटा त्याने वाढतोच, शिवाय ऐकणाऱ्याची उरलीसुरली मुभाही जाते, आणि एकाच खुर्चीपाशी दोन माणसांचा ताण वाढतो.

प्रमुखाने रात्री घरी जाताना स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: आज माझा म्हणून कोणता निर्णय होता, त्याबद्दल मी कोणाला उत्तर देणार आहे, आणि ते कधी. या तिन्हींची उत्तरे देता येत असतील, तर छातीवरचा दाब खरा असला तरी त्याला आकार असतो आणि त्यावर काही करता येते. ती देता येत नसतील, तर जे वाहून नेले जात आहे ते बहुधा दुसऱ्याचे काम आहे.

आमच्या साहेबांनी त्या शेऱ्याचे उत्तर स्वतःच्या हाताने लिहिले. ती नोंद मी केली, तिच्या लॉगिनमधून केली आणि ते नियमाला धरून नव्हते, इतकेच त्यात होते. सही करून त्यांनी तो कागद आधी तिला वाचायला दिला आणि मगच वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला.