खताच्या ढिगात हिस्टोप्लाझ्माचा माग

2002 साली कोलंबियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छोट्याशा साथीची नोंद आली. एकाच कुटुंबातली माणसं आजारी पडली होती आणि माग काढता काढता डॉक्टर पोहोचले ते घरी आणलेल्या सेंद्रिय खतापाशी. गुन्हेगार होती हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलॅटम नावाची बुरशी.

या बुरशीचं नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. 1905च्या अखेरीस पनामा कालव्याच्या परिसरातल्या इस्पितळात सॅम्युएल डार्लिंग हे डॉक्टर एका सुताराचं शवविच्छेदन करत होते. फुप्फुसं क्षयासारखी दिसत होती, पण पेशींमध्ये दाटीवाटीने बसलेले गोल कण क्षयाचे नव्हते. त्यांना ते काळा आजाराच्या (कालाआझार या तापाच्या) परजीवीचे भाऊबंद वाटले आणि भोवती कवच आहे असंही वाटलं, म्हणून नावात 'कॅप्सुलॅटम' आलं. पुढे कळलं की कवच नाही आणि तो परजीवी प्राणीही नाही, बुरशी आहे. तिला प्रयोगशाळेत वाढवून हे पक्कं सिद्ध व्हायला 1934 उजाडलं. आणि 1949 मध्ये अमेरिकेत चेस्टर एमन्स यांनी ती थेट मातीतून वेगळी केली, तेव्हा तिचं खरं घर सापडलं.

मातीत, 25 अंशांच्या आसपास, ती धाग्यांच्या रूपात पसरते आणि बीजाणू सोडते. लहान बीजाणू 2 ते 5 मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाण्याइतके बारीक. शरीराची 37 अंशांची ऊब मिळाली की ती यीस्टचं रूप घेते आणि ज्या पेशींनी तिला गिळून संपवायचं त्यांच्याच पोटात संसार थाटते. पक्ष्यांची विष्ठा नायट्रोजनने समृद्ध असल्याने तिथे ती फोफावते. गंमत म्हणजे पक्ष्यांना स्वतःला हा आजार होत नाही. त्यांच्या अंगाची 41-42 अंशांची उष्णता तिला सोसत नाही. वटवाघळांना मात्र होतो. आणि ताज्या शिटेपेक्षा जुनी, मातीत मुरलेली विष्ठा जास्त घातक.

अशा ढिगातून ती शोधायची कशी? खताची चिमूट पोषक माध्यमावर टाकली तर दोन-तीन दिवसांत इतर बुरश्या ताट व्यापून टाकतात. हिस्टोप्लाझ्माला उगवायलाच काही आठवडे लागतात. म्हणून अनेक दशकं एकच खात्रीचा मार्ग होता: उंदीर. खत पाण्यात कालवायचं, जड माती खाली बसू द्यायची, वरच्या पाण्यात जिवाणू मारणारी औषधं घालायची आणि ते उंदराच्या पोटात टोचायचं. मातीतल्या बहुतेक बुरश्या उंदराच्या उबदार शरीरात टिकत नाहीत. ही टिकते. काही आठवड्यांनी प्लीहा आणि यकृत काढून त्यातून ती वाढवायची. म्हणजे उंदीर हीच गाळणी. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते, पण उत्तर हाती येईपर्यंत ते खत शेतात पडून पीक वर आलेलं असतं.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, आल्यावर वेळ वाचला. हिस्टोप्लाझ्माच्या 100 किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाच्या एका प्रथिनाचं जनुक ओळखीची खूण म्हणून वापरतात आणि चाचणी दोन टप्प्यांत करतात. आधी जनुकाचा लांब तुकडा वाढवायचा, मग त्याच्या पोटातला छोटा तुकडा. आधी गाव सापडवायचं, मग त्या गावातलं घर. 2018 मध्ये कोलंबियातल्या संशोधकांनी सेंद्रिय खतांचे नमुने याच पद्धतीने तपासले. ही बुरशी कुठल्या प्रकारच्या खतात रमते हे कळावं म्हणून निकाल खताच्या भौतिक, रासायनिक आणि सूक्ष्मजैविक गुणांशी ताडून पाहिले.

अडचण खतातच असते. ज्या ह्यूमिक आम्लांमुळे खत काळंभोर आणि कसदार होतं, तीच पीसीआरचं विकर (प्रती काढणारं एन्झाइम) अडवतात. डीएनए नीट धुऊन घेतला नाही तर बुरशी असूनही चाचणी 'नाही' म्हणते. उलट बाजूने, डीएनए सापडला म्हणजे बुरशी जिवंत आहेच असं नाही, मेलेल्या बुरशीचाही तो मागे उरतो. शिवाय ढिगाच्या एका कोपऱ्यातली मूठ म्हणजे अख्खा ढीग नव्हे. म्हणून निष्कर्ष काढताना मी तरी एका नमुन्यावर विसंबणार नाही.

भारतात ही बुरशी गंगेच्या खोऱ्यातल्या मातीतून मिळाली आहे आणि इथे रुग्णही सापडतात. लक्षणं क्षयासारखी असल्याने निदान चुकायला वाव भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये काढलेल्या धोकादायक बुरश्यांच्या यादीत ती 'उच्च' गटात आहे. आपल्याकडे कोंबडीखत ट्रकने येतं, बांधावर पडतं आणि उघड्या हातांनी पसरलं जातं. घाबरायचं कारण नाही, कारण लागण झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्रास होतो तो एकाच वेळी भरपूर धूळ श्वासात गेली तर, किंवा प्रतिकारशक्ती खचली असेल तर.

धुळीचं हे गणित 1970 मध्ये ओहायोतल्या डेलावेअर गावच्या शाळेत दिसलं. पहिल्या वसुंधरा दिनी मुलांनी शाळेचा चौक झाडून काढला. तिथे पक्ष्यांची जुनी विष्ठा साठली होती आणि इमारतीत हवा खेचणारी झडप त्याच चौकात उघडत होती. झाडू हातात न घेतलेली मुलंही आजारी पडली. जुना ढीग उपसण्याआधी त्यावर पाणी शिंपडून ओला करायचा आणि नाकावर एन-95 मास्क बांधायचा, हे शेतावर कुणालाही जमण्यासारखं आहे.