कॉफी-थांब्यांचे सायकलमार्ग (ठाणे व नवी मुंबई)

ठरलेल्या ठिकाणी उतरून कॉफी घेण्याच्या हिशेबाने आखलेल्या सायकलफेरीचे मार्ग. सायकलस्वारांच्या बोलण्यात अशा फेरीला ‘कॉफी राइड’ म्हणतात. नेहमीच्या फेरीत आधी अंतर ठरते आणि थांबा वाटेत सापडतो. इथे थांबा आधी ठरतो. तो किती वाजता उघडतो, रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिथे बसल्यावर सायकल नजरेसमोर राहते का, यावरून वाट, निघण्याची वेळ आणि वेग मागाहून ठरतात. या परिसरात असे मार्ग मुख्यतः येऊरचा चढ, पाम बीच मार्ग, बेलापूर–खारघरच्या टेकड्या आणि पनवेल–कर्नाळा रस्ता या पट्ट्यांत आहेत. एका फेरीचे अंतर बहुधा २० ते ६० किमी. असते.

उगम : सायकलफेरीत कॉफीला थांबण्याची रीत कुठून आली याविषयी तीन मते मांडता येतात. पहिले मत ब्रिटिश पर्यटन-क्लबांकडे बोट दाखवते. १८७८ मध्ये हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला आणि १८८३ मध्ये त्याचे ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ असे नामांतर झाले. सदस्यांची सोय होईल अशा हॉटेलांवर आणि खाणावळींवर या क्लबाचे पंख लावलेल्या चाकाचे चिन्ह झळके. ठरल्या जागी थांबण्याची शिस्त इथून आली, हे मान्य करावे लागते. पण इंग्लंडातल्या त्या थांब्यांवरचे पेय मुख्यतः चहा होते, त्यामुळे कॉफीचा उलगडा या मताने पुरता होत नाही.

दुसरे मत इटलीचे. गाज्जिया यांचे तरफेचे एस्प्रेसो (दाबाने उतरवलेली कडक कॉफी) यंत्र १९४० च्या दशकाच्या अखेरीस आले. १९६१ मध्ये मिलानच्या फाएमा कंपनीने ई६१ हे यंत्र काढले. त्यात हाताच्या तरफेऐवजी विजेचा पंप पाण्याला दाब देतो. नावातला ६१ हा अंक त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडतात. हीच फाएमा १९५० च्या दशकाच्या मध्यापासून व्यावसायिक सायकल-संघ पुरस्कृत करीत होती आणि बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स यांनी १९६९ ची टूर द फ्रान्स ही शर्यत फाएमाच्या संघातूनच जिंकली. शर्यतीची सायकल आणि कॉफीचे यंत्र यांची जोडी लोकांच्या मनात बसली ती साधारण याच काळात. आजच्या कॅफेंच्या भिंतींवर सायकलीची चित्रे दिसतात, त्यांचे मूळ या जोडीत असावे.

तिसऱ्या मतानुसार निदान ठाणे-नवी मुंबईतली रीत उडपी हॉटेलांच्या आधाराने वाढली. या मताच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा घड्याळाचा आहे. उन्हाळ्यात स्वार पहाटे साडेपाचच्या सुमारास निघतो आणि आठच्या आत घरी पोचतो, कारण त्यानंतर ऊन आणि वाहने दोन्ही वाढतात. कॅफे साधारणपणे आठ-नऊच्या पुढे उघडतात. उडप्याच्या मुदपाकखान्यात मात्र सहा-साडेसहाला इडलीचे भांडे चढलेले असते आणि डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) उतरलेले असते. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान १९९६ मध्ये बंगळूरला आणि स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान २०१२ मध्ये मुंबईत उघडले. अशा साखळ्यांमुळे ‘कॉफी राइड’ हे नाव रुळायला मदत झाली असावी. सवय त्याआधीची असणे अधिक संभवते. तिसरे मत त्यामुळे जास्त ग्राह्य वाटते.

ठरल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या ‘बीआरएम’ (ब्रेव्हे दे राँदोनर मोंदियो) फेऱ्यांचाही या सवयीला हातभार लागला असावा. या फेऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबाच्या नियमांनी चालतात. २०० किमी.साठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. वाटेतल्या नियंत्रण-ठिकाणी वेळेची नोंद लागते, आणि हॉटेलाचे वेळ छापलेले बिल हा पुरावा म्हणून चालू शकतो. कॉफीचे बिल खिशात जपून ठेवायची सवय पुष्कळांना तिथून लागते.

पेय : उडप्याकडची फिल्टर कॉफी आणि कॅफेतली एस्प्रेसो यांचा शरीरावरचा हिशेब वेगळा आहे. भारतात कॉफीची लागवड बाबा बुदन यांनी येमेनमधून चिकमगळूरच्या डोंगरात आणलेल्या सात बियांपासून सुरू झाली, अशी परंपरा आहे. तिचा काळ कोणी १६७० च्या आसपास तर कोणी त्याही आधीचा धरतात. सतरावे शतक एवढे म्हणणे सुरक्षित. दक्षिणेकडच्या मिश्रणात कॉफीबरोबर चिकोरी (एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ) असते, अनेकदा २० ते ३० टक्के. चिकोरीने डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन मुळीच नसते. म्हणून पेल्यातला गडद रंग पाहून कॅफीनचा अंदाज बांधू नये. उलट, मिश्रणात रोबस्टा जातीची कॉफी असेल तर अरेबिका जातीच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन मिळते.

एका एस्प्रेसो शॉटमध्ये (सुमारे ३० मिलि.) साधारण ६० ते ७५ मिग्रॅ. कॅफीन असते. व्यायामावर परिणाम दिसण्यासाठी अभ्यासक शरीराच्या दर किलोला ३ ते ६ मिग्रॅ. मात्रा सांगतात, म्हणजे ६५ किलोच्या स्वाराला किमान १९५ मिग्रॅ., तीन शॉट. थांब्यावरची एक कॉफी त्या मानाने कमी पडते. तिने तरतरी येते, मन टवटवीत होते. पायांतले बळ वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. कॅफीन रक्तात सर्वाधिक होते ते प्यायल्यावर ३० ते ६० मिनिटांनी, आणि ते निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. यावरून दोन गोष्टी ठरतात. चढासाठी कॉफी हवी असेल तर ती घरून निघताना घ्यावी. आणि संध्याकाळी सहानंतरच्या फेरीत ती टाळावी, नाहीतर रात्री झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीची पहाट बुडते. २००४ पासून कॅफीन जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या बंदीच्या यादीत नाही, फक्त त्यावर लक्ष ठेवले जाते.

कॉफीने अंगातले पाणी जाते ही समजूत रोज कॉफी पिणाऱ्यांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही. तरी एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम इतका येतो की कॉफीच्या आधी पेलाभर पाणी पिणे हिताचे. दुधाची मोठी कपभर कॉफी पिऊन लगेच चढाला लागले तर पोटात ढवळते. १५-२० मिनिटे थांबावे किंवा अर्धा पेला घ्यावा.

येऊर : ठाण्यातला सर्वांत जुळून आलेला मार्ग. उपवन तलावापासून रस्ता वनखात्याच्या नाक्यातून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरतो आणि वळणे घेत येऊरच्या पाड्यांकडे चढतो. रात्री प्रवेशाला बंधने असतात. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी आणि परिसरात बिबट्यांचा वावर. म्हणून दिसू लागल्यावरच नाका ओलांडावा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, मेअखेरीस सहाच्या सुमारास. निघण्याची वेळ त्याप्रमाणे तासाभराने बदलते. चढासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांच्या चक्रांची जोडी असली की बसूनच चढता येते. कॉफीथांबा उतारानंतर, उपवनच्या काठाशी किंवा पुढे शहरात घ्यावा. वर पाड्यांत लोकांची घरे आहेत. तिथे घोळका करून गलका करणे योग्य नाही, आणि माकडांसमोर खाऊ उघडणे त्याहून वाईट.

पाम बीच मार्ग : वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे १० किमी., जवळजवळ सपाट. पश्चिमेला ठाणे खाडीचे तिवर आणि पाणथळ जागा आहेत. खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये घोषित झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळांत फ्लेमिंगो दिसतात.

थांब्याच्या दृष्टीने या रस्त्याची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. सानपाडा, नेरूळ, सीवूड्स या नोडांची (नवी मुंबईच्या नियोजित विभागांची) बहुतेक वस्ती पूर्वेला आहे आणि रस्त्याला सलग दुभाजक आहे. बेलापूरकडे जाताना वस्ती डाव्या हाताला येते, म्हणजे सिग्नलला डावीकडे वळले की हॉटेल गाठता येते. परतताना डाव्या हाताला खाडी असते आणि हॉटेलासाठी भरधाव मोटारींच्या सगळ्या रांगा ओलांडून उजवीकडे वळावे लागते. म्हणून कॉफी जाताना घ्यावी किंवा बेलापूरच्या टोकाला. रविवारी पहाटे रस्ता मोकळा दिसतो तेव्हाच मोटारींचा वेग सर्वाधिक असतो. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवावा. उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीवरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो आणि वाशीकडे परतताना तोंडावर येतो. ताशी २६-२७ किमी.ने गेलेला गट येताना २० वर येतो.

टेकड्या व पनवेलचा पट्टा : बेलापूरचा पारसिक हिल हा आखूड पण उभा चढ, तासाभराच्या फेरीला पुरेसा. खारघरमध्ये सेंट्रल पार्कभोवतीचे रुंद रस्ते नवशिक्यांना बरे. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या परिसरात प्रवेशबंदी लागू होते. पनवेलहून कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) सुमारे १२ किमी.वर, मुंबई–गोवा महामार्गालगत आहे. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर सायकलीला मनाई आहे, अटल सेतूवरही. उरणकडे अवजड कंटेनर गाड्यांची रहदारी असते.

थांब्यावर : सायकल भिंतीला टेकवताना साखळीची बाजू बाहेर ठेवावी. त्या बाजूने सायकल पडली किंवा दाबली गेली तर मागच्या डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो आणि गिअर आपोआप उड्या मारू लागतो. कुलूप सांगाडा आणि मागचे चाक दोन्हींतून घ्यावे. पुढचे चाक क्विक-रिलीजचे (हाताच्या खिटीने सुटणारे) असेल तर तेही अडकवावे. बारीक केबलचे कुलूप कटरने क्षणात तुटते, त्याचा भरवसा धरू नये. सकाळी उडप्याची लादी नुकतीच पुसलेली असते. तीन स्क्रूंच्या रोड-क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या तळपट्टीचे) बूट घालून त्या ओल्या लादीवर पाऊल टाकले की टाच सटकते. क्लीटला रबरी टोपण लावावे किंवा दाराशी बूट काढावेत. एसपीडी प्रकारची क्लीट तळव्याच्या खोबणीत असते, तिला हा त्रास कमी.

बिघाड : ठाणे–बेलापूर रस्ता आणि उरणच्या बाजूला पंक्चरचे एक खास कारण आढळते : ट्रकचे रेडियल टायर फाटल्यावर सुटणाऱ्या केसासारख्या पोलादी तारा. तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली तरी किलोमीटरभरात पुन्हा हवा जाते. उपाय असा : टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवावा, तो जिथे अडकून धागे सोडेल तिथे तार असते. ती चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढावी. बोट फिरवून पाहू नये, कापते. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन फटी असतील तर दोष तारेचा नसून कमी हवेचा. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली गेली. ७० किलोच्या स्वाराला २५ मिमी. टायरमध्ये ८०–९० आणि ३२ मिमी. टायरमध्ये ५५–६५ पीएसआय हवा साधारणतः पुरते. पेट्रोलपंपावरची नळी प्रेस्टा व्हॉल्व्हला (ट्यूबच्या बारीक तोंडाला) बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवर चढवूनच ठेवावा.

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे रंगपट्टे, गटारांच्या लोखंडी जाळ्या आणि गतिरोधकांवरचा रंग साबणासारखे निसरडे होतात. त्यांवरून जाताना सायकल सरळ ठेवावी, ब्रेक आधीच लावून घ्यावा. रिम-ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारा ब्रेक) ओला असताना चाकाचे पहिले दोन-तीन फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, येऊरच्या उतारावर हे विसरून चालत नाही. खाडीच्या खारट हवेत भिजलेली साखळी तशीच ठेवली तर एका रात्रीत तांबूस होते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल सोडावे आणि दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकावे; वर राहिलेल्या तेलाला रस्त्याची माती चिकटते आणि ती कानशीसारखी दाते झिजवते.