पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेलं, तर पुढे काय होतं?

अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीला जळजळ, ही दुखणी आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पुरुष मेडिकलमधून मलम आणतात. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि जांघेतला नायटा आतल्या आत पसरत राहतो. दोघांनाही अडवते ती तपासणीची धास्ती, म्हणून ती तपासणीच नीट सांगते.

सुरुवात प्रश्नांनी होते. पाळी कधी आली, स्राव कसा आहे, वास येतो का, शेवटचा संबंध कधी आला. ही चारित्र्याची चौकशी नव्हे. मधुमेह आहे का, नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली का, हेही त्याच दमात विचारतात, कारण या दोन्हींमुळे कँडिडा ही बुरशी संबंध न येताही वाढते.

मग पडद्याआड तपासणी. डॉक्टर पुरुष असतील तर नर्सला सोबत थांबवा. तो तुमचा हक्क आहे. स्पेक्युलम हे बदकाच्या चोचीसारखं उपकरण आत जाताना दाब जाणवतो. सावकाश श्वास सोडत राहिलं की स्नायू सैल पडतात आणि एक-दोन मिनिटांत काम होतं. शरीरसंबंध आलेला नसेल तर आधी सांगा. नुसत्या कापसाच्या काडीनेही नमुना घेता येतो.

खरी गंमत त्या काडीवरच्या थेंबात आहे. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, साधारण 3.8 ते 4.5 असतो. पीएच मोजणाऱ्या कागदी पट्टीचा रंग त्यापुढे गेला, तर या राखणदारांची संख्या घटली असावी. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो गचके देत पोहताना दिसतो. थेंब गार झाला की तो मंदावतो, म्हणून काच लगेच पाहावी लागते. दुसऱ्या थेंबात 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं आणि मासळीसारखा वास आला, तर जिवाणूंचा समतोल बिघडल्याचा संशय बळावतो. त्याच द्रावणात पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. तपासणीआधी ‘स्वच्छ’ व्हायचं म्हणून आतून साबण लावलात, तर हे सगळे पुरावेच वाहून जातात. एरवीही आतून धुऊ नये.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून रंगीत पाकिटं देण्याची पद्धत आहे. योनिस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असेल तर राखाडी: अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्सीम 400 मिलिग्रॅम. रिपोर्टसाठी माणूस परत येईलच असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत औषध. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. नावं वाचून दुकानातून स्वतः मात्र घेऊ नका. गरोदरपणात औषधं बदलतात.

जननेंद्रियावरच्या न दुखणाऱ्या जखमेला सर्वांत जास्त घाबरावं. सिफिलिस या संबंधातून पसरणाऱ्या आजाराची जखम काही आठवड्यांत आपोआप भरते, जंतू मात्र शरीरात राहतात. त्यासाठी रक्ताची व्हीडीआरएल चाचणी, आणि उपचाराला बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर सुई घेण्याआधी सांगा. हे इंजेक्शन दुखतं. त्याच दिवशी थंडी-ताप येऊ शकतो. जंतू मरत असताना शरीर अशी प्रतिक्रिया देतं.

एचआयव्हीची चाचणीही सुचवतात. तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तसं स्पष्ट आहे.

राहिला जोडीदार. ‘मला काहीच होत नाही, मी कशाला गोळ्या घेऊ?’ हे वाक्य नवऱ्यांकडून नेहमी येतं. ट्रायकोमोनास पुरुषात बहुधा मुकाट राहतो, क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा जिवाणू दोघांतही. एकानेच औषध घेतलं तर तोच जंतू पुन्हा घरी येतो. म्हणून गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, पुढचे सात दिवस संबंध टाळायचे आणि चिठ्ठीवरच्या तारखेला दोघांनीही परत दाखवायला जायचं.