हीटर लावला की गाडीत वास येतो? आधी हे वाचा

थंडी पडली की आमच्या गॅरेजमध्ये एका तक्रारीच्या गाड्या हमखास येतात : "हीटर लावला की वास मारतो." नाशिकला हीटर लागतो तो जेमतेम दोन-अडीच महिने. बाकी वर्षभर तो बंद असतो आणि आत धूळ साचत जाते. त्यामुळे मोसमात पहिल्यांदा लावल्यावर तापलेल्या धुळीसारखा वास आला तर घाबरू नका. काचा खाली करून दहा मिनिटं चालवा. गेला तर विषय संपला. दोन-तीन दिवस येतच राहिला, तर मात्र कारण शोधायला हवं.

पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर घरच्या हीटरसारखा नसतो. इंजिनमध्ये फिरणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापतं. तेच डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा आत सोडतो, आणि बाहेरची हवा येते वायपरखालच्या जाळीतून. म्हणून बॉनेटखाली काही बिघडलं, तरी त्याचा वास तुमच्या नाकाशी येतो.

गोड वास आला तर

काकवीसारखा गोडसर वास म्हणजे बहुतेक वेळा कूलंटची गळती. समोरची काच आतून धुरकटते, पुसली तरी तेलकट फराटे राहतात. पायाशी कार्पेट ओलं लागतं. अशा वेळी पांढरा टिशू पेपर कार्पेटवर दाबून बघा. पाणी स्वच्छ असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली असण्याची शक्यता जास्त. हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग उमटला आणि बोटं चिकट झाली, तर ते कूलंट. ते विषारी असतं. चव घेऊन बघू नका, आणि खाली सांडलेलं कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका. गोड लागतं म्हणून ती चाटतात.

बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी इंजिन थंड असतानाच बघा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

आणि एक कळकळीची विनंती. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना उपाय अजूनही केला जातो. तो करू नका. आम्ही उतरवलेल्या एका हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत पिवळा गाळ इतका घट्ट बसला होता की तारेनेही निघेना. गळती थांबली नव्हतीच, वर हीटरही गार पडला होता. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत राहिलं तरी आत क्षार आणि गंज धरतो.

गळती शोधायला आम्ही थंड इंजिनवर कूलंटला हातपंपाने प्रेशर देतो आणि प्रेशरचा काटा खाली येतो का ते बघतो; आला तर गळती आहे. गळती बाहेरच्या होजला (रबरी नळीला) असेल तर काम थोडक्यात भागतं. हीटर कोअरच गेला असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि गाडी एक-दोन दिवस ठेवावी लागते. खर्च आधी सांगतो, जुना कोअर तुमच्या हातात देतो. लगेच प्रवासाला निघायचं असेल तर हीटरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून तो तात्पुरता बंद करता येतो.

कुबट वास

ओल्या पोत्यासारखा वास बुरशीचा. एसीची कॉइल हीटरच्या पेटीतच असते. पावसाळ्यात ती ओली राहिली की बुरशी धरते. डाव्या बाजूच्या कप्प्यामागे बहुतेक गाड्यांत एसी फिल्टर असतो, तो वर्षातून एकदा बदला. एसी वापरताना घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल सुकते.

सडका वास असेल तर उंदीर मेलेला असू शकतो. थंडीत ते उबेला बॉनेटखाली शिरतात, फिल्टर कुरतडून त्यावर घरटं करतात. जाळीतला पालापाचोळा काढा आणि वायरीही तपासून घ्या.

द्राक्षबागायतदारांसाठी खास सांगतो. दिंडोरीकडच्या एका गाडीत हीटर लावला की गंधकाचा वास यायचा. कूलंट बरोबर, फिल्टर नवा. शेवटी मागचं कार्पेट उचललं, तर खाली पिवळी भुकटी पसरलेली. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी नेलेली गंधकाची पिशवी गाडीत फाटली होती आणि हीटरच्या उबेने तिचा वास उठत होता.

या वासांवर गाडी चालवू नका

पेट्रोलचा किंवा वायर जळाल्याचा वास आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा आणि आम्हाला बोलवा. इंजिनच्या धुराचा वास आत येत असेल तर काचा उघडा आणि गाडी थांबवा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची लक्षणं. घाटात गाडी उभी करून, हीटर चालू ठेवून, काचा बंद करून कोणीही झोपू नका.

जळक्या तेलाचा वास येत असेल तर थंड इंजिनवर तेलाची पातळी बघा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असतं. हे काम लांबवू नका, तेलाने पेट घ्यायची भीती असते.

गाडी आणण्याआधी परफ्यूमची बाटली काढून ठेवा, त्याने खरा वास झाकला जातो. शक्य असेल तर रात्री गाडी आमच्याकडेच लावा, म्हणजे सकाळी इंजिन गार असताना पहिल्यांदा हीटर आम्हीच लावू.