मॅग्नोलिया : घरगुती लागवड व निगा

मॅग्नोलिया ही मॅग्नोलिएसी कुलातील वृक्ष व झुडपांची प्रजाती असून तिच्यात दोनशेहून अधिक जाती आहेत. त्या मूळच्या पूर्व व दक्षिण आशिया आणि अमेरिका खंडातील. काही जातींचे वृक्ष पंचवीस मीटरांच्या वर जातात. घराच्या अंगणात किंवा कुंडीत मावतील अशा जाती व संकर त्या मानाने थोडे. नाव परके वाटले तरी झाड तितके परके नाही. पूर्वी मायकेलिया या वेगळ्या प्रजातीत गणला जाणारा सोनचाफा आता मॅग्नोलियातच धरतात. देवचाफा मात्र यातला नव्हे. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक वाहतो, मॅग्नोलियाला चीक नसतो. तरीही दोघांच्या शास्त्रीय नावांचे नाते गमतीचे आहे. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ मध्ये माँपेलिये येथील प्येर मान्योल (१६३८–१७१५) यांच्या सन्मानार्थ ‘मॅग्नोलिया’ हे नाव दिले आणि देवचाफ्याच्या प्रजातीला ‘प्लुमेरिया’ हे नाव पडले ते याच प्ल्युमिएवरून.

फुलांत निदले (कळी झाकणारी बाहेरची दले) व पाकळ्या असा स्पष्ट भेद बहुधा नसतो, सगळी एकसारखी दले, म्हणजे परिदलेच. हे कुल मधमाश्यांच्याही आधीचे. परागण मुख्यतः भुंगेऱ्यांकडून होते आणि त्यांच्या चावऱ्या वावरात टिकावेत इतके फुलाचे मधले भाग कणखर असतात.

लहान जागेसाठी सर्वांत खात्रीची म्हणजे जपानमधील तारा मॅग्नोलिया (मॅग्नोलिया स्टेलाटा). ती सावकाश वाढते, दोन-तीन मीटरांत थांबते आणि पाने येण्यापूर्वीच पांढऱ्या, अरुंद परिदलांच्या फुलांनी भरते. मात्र लवकर फुलत असल्याने उशिराच्या हिमतुषारात सापडते आणि एका रात्रीत सगळी फुले तपकिरी पडतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १९५०च्या दशकात तिचा लिलीफ्लोरा जातीशी संकर करून अॅन, बेटी, जेन, सुझन अशा मुलींच्या नावांचे आठ वाण काढण्यात आले. ते दोन ते चार आठवडे उशिरा फुलतात. सुलांजियाना हा प्रसिद्ध गुलाबी संकर रोपवाटिकेच्या पिशवीत लहानच दिसतो, पण पुढे सहा-सात मीटर होतो. छोट्या अंगणात त्याच्या मोहात पडू नये. उष्ण हवामानात पानझडी जातींना पुरेसा गारवा मिळत नाही, तिथे सदाहरित जातीच बऱ्या.

या झाडाची खरी नस मुळांत आहे. मुळे मांसल, दोरीसारखी जाड व ठिसूळ असतात, फारशी खोल न जाता आडवी पसरतात आणि तुटली की लवकर सावरत नाहीत. म्हणून जागा एकदाच, विचार करून ठरवावी. मोठे झालेले झाड उपटून दुसरीकडे लावणे म्हणजे बहुधा त्याची काही वर्षे वाया घालवणे. माती भुसभुशीत, ओल धरणारी तरी निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी (सामू म्हणजे पीएच साधारण ५.५ ते ६.५) असावी. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही; पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जोराच्या वाऱ्याचा आडोसा हवा. हिमतुषार पडणाऱ्या ठिकाणी पहाटेचे ऊन थेट कळ्यांवर येऊ देऊ नये, कारण गोठलेली कळी झपाट्याने वितळली की करपते. रोप पिशवीत होते त्याच पातळीला लावावे, खोल गाडू नये. बुंध्याभोवती खुरपणी टाळावी, फुलझाडेही लावू नयेत. त्याऐवजी पालापाचोळ्याचे चार-पाच बोटे जाड आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकवू नये.

पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. पुढच्या वर्षाच्या कळ्या त्याच सुमारास धरतात, त्यामुळे तेव्हाच्या ताणाची किंमत पुढच्या बहरात मोजावी लागते. नत्र जास्त झाले की पाने माजतात, फुले रुसतात. कुंडी रुंद, निदान ४५ सेंटिमीटरची घ्यावी आणि दोन-तीन वर्षांनी मुळे न कुरतडता थोड्या मोठ्या कुंडीत हलवावे.

छाटणीची हौस इथे नडते. पानझडी जातींवर हिवाळ्यात बोट फिरवले तर फरक कळतो: फुलाची कळी फुगीर, राखाडी मखमली लवेची; पानाची कळी बारीक. हिवाळ्यात कात्री चालवली की त्या मखमली कळ्याच जातात. वाळलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी काढायचीच असेल तर बहर ओसरल्यावर, भर उन्हाळ्यापर्यंत काढावी. निष्ठुर छाटणीनंतर सरळसोट, वांझ फुटव्यांचे झुबके उठतात.

किडींपैकी खवले कीड त्रासदायक. फांदीवर मुंग्यांची रांग आणि पानांवर चिकट थर, त्यावर काळी बुरशी दिसली की तिचा संशय घ्यावा. थोडी असेल तर मऊ ब्रशने खरवडून काढता येते. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसण्याला वाईट, पण क्वचितच जीवघेणी असते.

अभिवृद्धीसाठी दाब कलम सोपे: खालची फांदी वाकवून, साल किंचित खरवडून मातीत दाबावी, मुळे फुटायला वर्षभर किंवा त्याहून अधिक लागते. बियांचा मार्ग लांबचा. फळ उकलले की लालभडक आवरणाच्या बिया बारीक धाग्याला लोंबू लागतात. ते आवरण धुऊन, बिया ओलसर वाळूत तीन-चार महिने शीतकपाटात ठेवून मग पेराव्यात. कलमाचे झाड काही वर्षांतच फुलते. बियांपासून केलेल्या झाडाचे पहिले फूल पाहायला कित्येक जातींत दहा-पंधरा वर्षे जातात, आणि संकराच्या बियांतून आईसारखेच फूल येईल याची हमी नसते.