फोटोरेझिस्टची पार्श्वभूमी: छापखान्यातून घरच्या टेबलावर

घरी सर्किट बोर्ड करणारे आज जी निळसर ड्राय फिल्म (उजेडाने घट्ट होऊन कोरताना तांबं झाकून ठेवणारा फोटोरेझिस्टचा कोरडा थर) वापरतात, तिची मूळ कल्पना इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची नव्हेच, छपाईवाल्यांची. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२०च्या दशकात धातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ थर दिला. ऊन लागलं तिथे डांबर घट्ट झालं, बाकीचं लव्हेंडरच्या तेलात धुऊन गेलं आणि उघडा पडलेला धातू आम्लाने कोरता आला. पुढे डांबर जाऊन बायक्रोमेट घातलेलं जिलेटिन आलं. इंग्लंडमधल्या टॅल्बट या फोटोग्राफीच्या आद्य प्रयोगकर्त्याचं त्यावरचं पेटंट १८५२चं. जुन्या मासिकांतल्या फोटोंचे ब्लॉक याच घराण्यातले.

छपाईची जाण असलेल्या पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या इंजिनिअरने १९३०च्या दशकात लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ केला. १९५०च्या दशकात कोडॅकने खास रेझिस्ट म्हणून केपीआर (कोडॅक फोटो रेझिस्ट) हे द्रव बाजारात आणलं. जर्मनीत काल्ले कंपनीने उलट्या स्वभावाचं, म्हणजे उजेड लागला की विरघळणारं रसायन काढलं. तयार लेप दिलेले पॉझिटिव्ह बोर्ड मिळतात, ते त्याच वाटेवरचे.

पण द्रव रेझिस्टची खोड कुणालाच मोडता येईना. लेप कडेला जाड, मध्ये पातळ, वर धूळ. १९६८ साली ड्यूपाँटच्या रिस्टनने हे दुखणं कारखान्यातच संपवलं: दोन प्लास्टिकच्या मध्ये ठरलेल्या जाडीचा थर, गरम रोलरखालून काढला की तांब्याला चिकटलेला. तरी घरगुती वापर दूरच होता, कारण सुरुवातीची रिस्टन धुवायला क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट लागे. धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात उतरणाऱ्या फिल्म आल्या, तेव्हा कुठे हे काम घरात करण्याजोगं झालं. (धुण्याचा सोडा, खायचा नव्हे.)

जाडीचा प्रश्न सुटला, तसं रेष फिसकटण्याचं खापर आता बहुतेक वेळा प्रिंटच्या बाजूवर फुटतं. ट्रान्सपरन्सी, म्हणजे सर्किट छापलेली पारदर्शक शीट, रेझिस्टवर ठेवून उजेड देतात. तिची शाई वरच्या अंगाला राहिली, तर शाई आणि रेझिस्ट यांच्यात सुमारे ०.१ मिलिमीटर प्लास्टिक येतं. उजेड तिरका शिरतो, निगेटिव्ह (उजेड लागला तिथे घट्ट होणाऱ्या) फिल्मवर ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या वाटा, फुगतात आणि दोन ट्रॅकमधली फट बुजते. म्हणून प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढून शाईची बाजू खाली ठेवायची आणि वर जड काच दाबायची. छापखान्यातला ब्लॉकमेकर निगेटिव्ह पत्र्याला घट्ट भिडवायचा, तोही याच कारणाने.